अर्ध्या घराची देणगी

४ मार्च १९७८, शनिवार

जागामालकाने आज तोंडावर सांगितलं. एप्रिलअखेर शेड रिकामी करा, नाहीतर मे महिन्यात छपराची टिनं उतरवतो.

तांडापेठेत ‘सुखरूप’ म्हटलं की लोक याच शेडकडे बोट दाखवतात. सहा खाटा, एक टेबल, मागच्या खोलीत मी. सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून हे प्रसूतिगृह काढलं तेव्हा भाऊ म्हणाला होता, यमू, तुझं डोकं फिरलं. विणकरांच्या बायका कळा सुरू होईपर्यंत सुताच्या कांड्या भरत बसतात. त्यांना लांबच्या दवाखान्यात न्यायला कुणाला वेळ नसतो. आता मी त्यांना कुठे नेऊ?

संध्याकाळी ईश्वरदास आले. त्यांचे वडील मागावर बसायचे. यांनी सुताचं दुकान काढलं, आणि आता अर्ध्या पेठेला सूत त्यांच्याकडून जातं. खुर्चीवर बसले आणि एकदम म्हणाले, “ताई, पाचपावलीतलं आमचं जुनं घर घ्या तुमी. दान देतो.”

मला खरंच वाटेना. विचारलं, तिथे राहतं कोण?

“वहिनी राह्यते. भाऊ वारला, पोरंबाळं नाही. एकटीले एवढं घर कायले पाहिजे? तिच्यासाठी रामटेकले देवळाजवळ खोली पाहून ठेवली मी. तिचंबी मन तिकडंच आहे.”

हात जोडताना माझे डोळे भरून आले. अशी माणसं आहेत म्हणून चाललं आहे सगळं.

७ मार्च

वामनरावांकडे बैठक झाली. ते आमच्या संस्थेचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर. ईश्वरदास आपले इन्कम टॅक्सचे सल्लागार ताराचंद यांना घेऊन आले होते. मला वाटलं होतं, दानपत्र लिहायचं, सह्या करायच्या, झालं. ताराचंद हसले.

“ताई, घर दिलं तर सेठला टॅक्समध्ये एक पैशाची सूट नाही. आधी यावर भांडता तरी येत होतं. आता दोन वर्षं झाली, कायद्यात साफ लिहून टाकलं. जमीन द्या, घर द्या, वस्तू द्या, सूट नाही. पैसा दिला तरच. संस्थेकडे सूटवालं सर्टिफिकेट आहे ना?”

आहे. वामनरावांनी खेटे घालून आणलेलं.

“बस्स. मग सेठ मार्च संपायच्या आत घराच्या किमतीएवढा चेक संस्थेला देणगी म्हणून देतील. तुम्ही पावती द्या. दिल्यापैकी अर्धी रक्कम त्यांच्या उत्पन्नातून वजा होईल. एप्रिलमध्ये संस्था त्याच पैशानं त्यांचं घर विकत घेईल. मामला खतम.”

वामनरावांनी चष्मा काढला. “म्हणजे पैसा घर घेण्याच्या अटीवर दिलेला.”

“अट कुठे आहे, सर? अट लिहिली की देणगी संपली. पावतीवर बिनशर्त असंच येईल. आपसातली समजूत, इतकंच.”

“मला हे पसंत नाही,” वामनराव म्हणाले. “पण यमुताई, तुम्ही शब्द देणार असाल, तर तो पाळावा लागेल.”

मी ताबडतोब हो म्हटलं. पैसा फिरून त्यांच्याकडेच गेला तरी घर आपल्याकडे राहतं. त्यात कुणाचं काय बिघडतं? घरावर दोघा भावांची नावं आहेत, तर भावाच्या जागी वहिनी सही करतील. “खुशीनं करन ती,” ईश्वरदास म्हणाले.

११ मार्च

घर पाहून आले. मातीच्या जाड भिंती, मागे अंगण, विहीर, नळसुद्धा! अंगणाकडच्या दोन खोल्यांत आठ खाटा सहज बसतील. पुढची खोली मोठी आणि उजेडाची, तिथे बाळंतपणाचं टेबल. फक्त तिथे खड्ड्याचा माग आहे. ईश्वरदासांच्या वहिनी, रुख्माबाई, अजून त्याच्यावर लुगडी विणतात. मी टेप लावून मोजत असताना त्या खड्ड्यात पाय सोडून विणतच होत्या. मी ईश्वरदासांना म्हटलं, हा खड्डा बुजवावा लागेल. ते म्हणाले, “बुजवून टाकू.” हातमाग क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

फार अबोल बाई. चहा दिला, स्वतः घेतला नाही. निघताना मला विचारलं, “ताई, बाळंतिणीले तुमी किती दिवस ठेवता?”

“सात-आठ दिवस.”

“मंग घरी धाडता?”

“हो. घरी आई असते, सासू असते, त्या बघतात पुढे.”

“बरं आहे त्यायचं,” त्या म्हणाल्या.

देवधर्माकडे मन लागलेली माणसं अशीच तुटक होतात.

१८ मार्च

चेक मिळाला. सचिव म्हणून पावतीवर मी सही केली. ‘बिनशर्त देणगी’ ही अक्षरं ताराचंदांनी दोनदा वाचून घेतली. ईश्वरदासांनी पेढे आणले होते. जाताना बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, वहिनीले निंगाचं सांगाचं तेवढं तुमी सांगा. मी घरचा माणूस. माह्या तोंडून बरं नाही दिसत.”

मी म्हटलं, त्यांचं मन रामटेककडेच आहे ना, मग सांगायचं काय?

“तसं आहेच. पण बायकाची जात, शेवटच्या दिवशी जीव अडकते.”

जाईन म्हटलं. मग बाळंतपणं लागोपाठ आली आणि राहिलंच.

२५ मार्च, धुळवड

कालपासून शेडचा नळ बंद आहे. मालकाने तोडला की खरंच बिघडला, कळत नाही. कांताबाई, माझी मदतनीस, समोरच्यांच्या विहिरीवरून घागरी आणते आहे. आज तिच्या साडीवर कुणीतरी जांभळा रंग ओतला तशी ती रडायलाच लागली. मी ओरडले तिच्यावर. नंतर मलाच वाईट वाटलं.

महिना काढायचा आहे, एवढंच.

२९ मार्च, बुधवार

आजच लिहायला हवं.

दुपारी पंचफुलाला घेऊन आले. पहिलटकरीण, नवरा विणकर. पाणी फुटलेलं, आणि शेडमध्ये घागरभर पाणी नाही. समोरच्यांनीही दार लावून घेतलं होतं. मी म्हटलं, पाचपावलीला चला, ते घर आता आपलंच आहे. पंचफुलाला रिक्षात बसवलं. एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने कांताबाईने.

दारात टेंपो उभा होता. त्यात एक ट्रंक, गादीची वळकटी, भांड्यांचं पोतं. आत दोन हमाल मागाच्या दोऱ्या सोडत होते आणि ईश्वरदास कमरेवर हात ठेवून उभे. रुख्माबाई खड्ड्यात बसलेल्या होत्या. पाय आत, दोन्ही हात काठावर. हमाल त्यांना वळसा घालून काम करत होते.

“वहिनी, उठा,” ईश्वरदास म्हणाले. मग मला पाहून गडबडले. “ताई, तुमी आज कशा?”

पंचफुला किंचाळली. मी सांगितलं, सगळे बाहेर. हमाल लगेच गेले. ईश्वरदास दारातच उभे राहिले, तेव्हा मी दार त्यांच्या अंगावर लोटलं.

रुख्माबाई खड्ड्यातून स्वतःच वर आल्या. चूल पेटवली, पाणी ठेवलं, टेंपोवर जाऊन आपली गादी ओढून आणली. पोराच्या मानेला नाळेचा वेढा होता. डोकं आलं ते निळं. मी वेढा सोडवत होते आणि रुख्माबाई पंचफुलाचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत होत्या, “जोर लाव वं माय, लाव, झालंच आता.” पोर बाहेर आलं पण रडेना. पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, तोंडातलं काढलं. कांताबाई देवाचं नाव घेऊ लागली. मी तिला गप्प केलं. आणि मग ते रडलं. मुलगी.

मी भिंतीला टेकून बसले. रुख्माबाईंनी हात धुतले, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“आता सांगा ताई. केव्हा निंगू मी?”

“मी कशाला सांगू?”

“तुमीच म्हटलं ना भाऊजीले. बाळंतिणीच्या घरात विधवेची सावली नको, हप्त्याच्या आत बाई काढा, नाहीतर पोलीस आणतो.”

मी त्यांना एवढंच म्हटलं, “बाई, माझं कपाळ पाहा.” माझा नवरा जाऊन वीस वर्षं झाली आहेत. त्या बघत राहिल्या. कुंकू नाही हे त्यांनी आधी पाहिलं नव्हतं की पाहून विचारात घेतलं नव्हतं, कोण जाणे.

“आणि रामटेक?” मी विचारलं.

“रामटेकले माह्यं कोण आहे? हे घर आमी दोघा नवराबायकोनं अन् भाऊजीनं, तिघायनं मागावर बसून बांधलं. हे दार मी निवडून आणलं होतं.”

बाहेर आले तेव्हा टेंपो नव्हता. सामान पायरीवर उतरवून ठेवलेलं होतं.

३० मार्च

दुकानात गेले. ईश्वरदासांनी नोकरांना बाहेर घालवलं. मी विचारलं, माझ्या नावावर हे का बोललात? ते नाकबूल झाले नाहीत.

“सीधं सांगून आयकत नव्हती. काय करू? ताई, भाऊ गेल्यापासून तिचा दाणापाणी मी केला. डोळ्याचं आपरेशन मी केलं. कोण्या पोरानं केलं असतं एवढं? अन् मी घराची बात काढली का तोंड फिरवते. मले मरेपर्यंत तिचं करत राहाचं का?”

रागावलेले नव्हते, थकलेले दिसले. मला क्षणभर त्यांची दयाच आली. मग मी विचारलं, घर विकल्यावर तिच्या अर्ध्या हिश्शाचे पैसे तिला मिळणार होते का?

“ती म्हातारी पैसे घेऊन काय करन?”

तेव्हा मी जे बोलले ते घरून ठरवून गेले नव्हते. म्हटलं, खरेदीखतात अर्धी किंमत रुख्माबाईंच्या हातात पडेल आणि पुढची खोली त्या असेपर्यंत त्यांची राहील. नाहीतर संस्था घर घेणार नाही.

“मंग चेक वापस करा.”

“देणगी बिनशर्त आहे. पावतीवर लिहिलंय.”

त्यांचा चेहरा उतरला. “तुमी मले ठगवून राहिले, ताई.”

रस्त्यात कळलं, ते बोलले ते खोटं नाही.

२ एप्रिल

वामनराव माझ्यावर चिडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“कायद्याने पैसा आपला, बोलीने त्यांचा. तुम्ही माझ्यासमोर शब्द दिला होतात.”

“मला सगळं माहीत नव्हतं.”

“मग शब्द देण्याआधी माहीत करून घ्यायचं. पैसे परत करा.”

“परत केले तर ते उद्याच तिला टेंपोत घालतील.”

“ते पाप त्यांचं. आपल्या हाताने फसवणूक झाली तर ते आपलं.”

मी परत करत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, हे प्रकरण संपेपर्यंत अध्यक्ष राहतो, नंतर राजीनामा घ्या. त्यांचं चुकतंय असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. माझं बरोबर आहे असंही नाही. शेड मात्र महिनाअखेर जाणार आहे.

५ एप्रिल

आज तपासणीला दोघीच आल्या. काल तिघी. कांताबाई बातमी घेऊन आली, की ज्याच्या घरची बाई ‘सुखरूप’मध्ये जाते त्याला सूत मिळत नाही.

दुपारी पंचफुलाचा नवरा आला. दारातच उभा राहिला. “ताई, माहा माग बंद पडला. सेठ म्हणते, जा, ताईकडून सूत घे. पोरीले तुमी वाचवलं, मी काही म्हणत नाही. पण खाऊ काय?”

एका बाईच्या घरासाठी मी किती घरच्या चुली विझवणार आहे? आज पहिल्यांदा वाटलं, चेक परत करावा. उद्या बँकेत जाऊन येते असं ठरवलं आहे.

६ एप्रिल

बँकेत गेले. दारापर्यंत. मग परत आले. का, ते मलाही सांगता येणार नाही. पंचफुलाच्या नवऱ्याकडे माझ्या खर्चाच्या पैशातून थोडं धान्य पाठवलं. ते त्याने घेतलं, याचंच बरं वाटलं.

७ एप्रिल

ताराचंद आले, एकटेच. घाम पुसत बसले.

“ताई, मी सेठला सांगितलं, चेक वापस मागितला की तो देणगी नव्हताच असं होतं. सूट गेली, वर ऑफिसवाले विचारणार, बाकीचे व्यवहार उकरणार. आणि सोडून दिला तर पैसापण गेला, घरपण डोक्यावर. त्यापेक्षा तुमची गोष्ट मंजूर. अर्धी किंमत त्यांना, अर्धी वहिनीला. पुढची खोली वहिनीची.”

“आणि सूत?”

“उद्यापासून सगळ्यांना.” ते उठले. “मी बावीस वर्षं टॅक्सचं काम करतो. बिनशर्त हा शब्द मी टाकला. असा वळून येईल हे डोक्यात आलं नव्हतं.”

मी तशीच पाचपावलीला धावत गेले. रुख्माबाईंनी हमालांनी सोडलेल्या दोऱ्या पुन्हा बांधल्या होत्या. सगळं सांगितलं. अर्धे पैसे तुमचे, ही खोली तुमची, बारा तारखेला रजिस्ट्रारच्या ऑफिसात यायचं. त्या “बरं” म्हणाल्या आणि पुन्हा दोरीकडे वळल्या.

आनंदाने शब्दच सुचले नसतील. मलाही घरी आल्यावर रडू आलं.

१२ एप्रिल, बुधवार

रजिस्ट्रारच्या ऑफिसात पंख्याखाली बाकावर आम्ही सगळे ओळीने बसलो होतो. वामनराव माझ्याशी बोलत नव्हते, ईश्वरदास कुणाशीच नाही. दस्त वाचून झाला. ईश्वरदासांना साहेबांनी विचारलं, त्यांनी होय म्हणून सही केली. मग साहेबांनी रुख्माबाईंकडे पाहिलं. त्यांच्या बोटाला शाई लावायला शिपाई पुढे आला होता.

“बाई, यात काय लिहिलंय ते समजलं ना? तुमचा हिस्सा राजीखुशीने विकून देताय ना?”

“नाही.”

साहेबांना वाटलं, ऐकू आलं नाही. त्यांनी मोठ्याने पुन्हा विचारलं.

“आयकलं जी मी. नाही देत.”

शिपायाच्या हातातला शाईचा पॅड तसाच राहिला. ईश्वरदास ताडकन उठले. “वहिनी! अर्धे पैसे भेटून राहिले तुमाले!”

“पैसे त्यायचे त्यायले राहू द्या. माहा हिस्सा मले राहू द्या.”

मी त्यांचा दंड धरला. हळू आवाजात म्हटलं, अहो, खोली तुमचीच राहणार आहे, मरेपर्यंत. त्यांनी माझा हात बाजूला केला, झटकला नाही, नुसता उचलून बाजूला ठेवला.

साहेब म्हणाले, बाईंची इच्छा नसेल तर त्यांच्या हिश्शाची नोंदणी होणार नाही. ताराचंद आणि ईश्वरदास व्हरांड्यात बराच वेळ बोलले. ईश्वरदासांचा आवाज चढला, मग पडला. शेवटी दस्त नव्याने लिहिला. संस्थेने फक्त ईश्वरदासांचा अर्धा हिस्सा घेतला, अंगणाकडचा. उरलेली रक्कम संस्थेच्या खात्यात राहिली, देणगी म्हणून. ईश्वरदासांनी सही करताना निब मोडली.

परत येताना रिक्षात मी भडकले. माझी पुढची मोठी खोली आता कायमची गेली होती. ज्या बाईसाठी मी वामनरावांसारखा माणूस गमावला, तिने चार लोकांत मला तोंडघशी पाडलं.

“मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी विचारलं कुठं?” रुख्माबाई म्हणाल्या. “त्यायनं नाही विचारलं. तुमीबी नाही विचारलं. तुमी दोघायनं येऊन सांगितलं, काय होणार आहे ते. त्या सायबानं विचारलं, त्याले सांगितलं.”



१५ एप्रिल

वामनरावांचा राजीनामा आला. दोन ओळींचा. त्यांच्या घरी गेले, त्यांनी चहा दिला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या. परत या असं म्हणायला गेले होते, ते म्हणता आलं नाही.

३ मे

शेड सोडली. अंगणाकडच्या दोन खोल्यांत चार खाटा आणि टेबल बसलं. उरलेल्या पैशात शेणाने सारवलेल्या अंगणाला फरशी बसवतोय आणि एक खोली वाढवतोय. ईश्वरदासांना सूट मिळणार असं ताराचंद म्हणतात. ते स्वतः इकडे फिरकले नाहीत, पण त्यांच्या दुकानातून सूत जातंय. पंचफुलाच्या नवऱ्याचा माग सुरू आहे.

काल इथे पहिलं बाळंतपण झालं. मुलगा, साडेसहा पौंड.

आज औषधांचं कपाट टांगायला मधल्या भिंतीत खिळा ठोकायचा होता. भिंत दोघींची. कांताबाई हातोडा घेऊन चढलीच होती, तिला खाली उतरवलं. पुढच्या दाराने गेले आणि रुख्माबाईंना विचारलं, ठोकू का?

त्यांनी हातातलं काम ठेवलं, येऊन भिंत पाहिली, तळहाताने दाबून पाहिली.

“विचार करून सांगतो,” म्हणाल्या.

अजून सांगितलेलं नाही. कपाट जमिनीवरच आहे.